गॅलिएनसच्या नाण्यावरचा प्राणी ओळखताना

नाणं हातात आलं तेव्हा चार पाय आणि पाठीवर पंखासारखा उंचवटा एवढंच दिसत होतं. तोंडाचा भाग झिजून सपाट झालेला. पाकिटावर विक्रेत्याने लिहिलं होतं, 'गॅलिएनस, प्राणी'.

गॅलिएनस हा रोमन सम्राट, आणि त्याच्याबद्दल शंका नव्हती. किरणांचा मुकुट, म्हणजे अँटोनिनियानस या प्रकारचं रोमन नाणं. आणि मुकुटाभोवतीचं नावही वाचता येत होतं. 260 ते 268 हा त्याच्या एकट्याच्या राज्याचा काळ. वडील व्हॅलेरियन इराणचा राजा शापूर याच्या कैदेत गेलेले, गॉल (आजच्या फ्रान्सच्या आसपासचा प्रांत) फुटून वेगळं झालेलं, नाण्यातली चांदी जवळजवळ संपलेली. कारकिर्दीच्या अखेरीस रोमच्या टाकसाळीने एकेका देवाला 'सम्राटाचा रक्षक' म्हणून साकडं घालणारी नाणी पाडली आणि त्यांवर देवाऐवजी त्याचा प्राणी कोरला. नंदी दिसला की आत पिंड आहे हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही, तसंच हे. मला ही मालिका फार आवडते ती यासाठीच. एवढं संकट अंगावर असताना केलेली प्रार्थना, आणि ती एवढ्याशा जनावरांच्या चित्रांतून!

पंखावर विसंबण्यात अर्थ नव्हता, कारण सूर्यदेवाच्या नाण्यावरच्या पेगॅसस या उडत्या घोड्यालाही पंख असतात. म्हणून आधी पायांखालची रेघ बघितली. टेबललॅम्प आडवा करून नाणं हळूहळू फिरवलं, तेव्हा रेघेखाली एक छोटा त्रिकोण उठून आला. डेल्टा! ग्रीक वर्णमालेतलं चौथं अक्षर, म्हणून टाकसाळीच्या चौथ्या कारखान्याची खूण. पेगॅससखाली पहिल्या कारखान्याचा अल्फा असतो. मग भिंगातून कडेची अक्षरं. बरीचशी गेली होती, पण दोन 'एल' शेजारीशेजारी उभे होते. सूर्याच्या लेखात 'एल' एकच, समुद्रदेव नेपच्यूनच्या लेखात एकही नाही. जोडीने येतात ते अपोलो देवाच्या.

अपोलो आणि डेल्टा, म्हणजे ग्रिफिन: सिंहाचं धड, गरुडाचं तोंड. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या ऑनलाइन कॅटलॉगमधल्या फोटोंशी ताडून पाहिलं. तिथलाही असाच डावीकडे शांतपणे चाललेला. पेगॅसस मात्र पुढचे पाय उचलून झेपावतो. एकदा हे कळल्यावर झिजलेल्या तोंडातली वाकडी चोचसुद्धा दिसायला लागली.

पाकिटावर आता पूर्ण नोंद आहे: अपोलो, ग्रिफिन, रोम, चौथा कारखाना. अपोलोचाच सेंटॉर, म्हणजे अर्धा माणूस अर्धा घोडा, अजून मिळायचा आहे. त्याचे दोन प्रकार आहेत, एक धनुष्य ताणलेला आणि दुसरा हातात पृथ्वीगोल घेतलेला. मला आधी धनुष्यवाला हवा आहे.