एरर नाही, नुसतं शून्य: कॅल्कमधलं समइफ आणि जुनी पुस्तिका

बडोद्यातल्या आमच्या मराठी मंडळाची वर्गणी लिब्रेऑफिस कॅल्क या स्प्रेडशीटमध्ये नोंदवली जाते. पाटील आणि जोशी भरपूर, म्हणून नावापुढे कंसात भाग लिहायची पद्धत आहे: ‘पाटील (रावपुरा)’, ‘जोशी (मांजलपूर)’. भागवार बेरीज समइफ करतं, म्हणजे दिलेल्या निकषात बसणाऱ्या ओळींचीच बेरीज करणारं फंक्शन. यंदा नवी फाइल केली, कॅल्कच्या जुन्या पुस्तिकेतलं सूत्र जसंच्या तसं टाकलं, आणि प्रत्येक भागापुढे शून्य. एररचा कोड आला असता तर कोणीही थांबून पाहिलं असतं. शून्य मात्र ‘अजून वर्गणी आली नसेल’ म्हणून खपून जातं, म्हणून मला ते जास्त घातक वाटतं.

पुस्तिका लिब्रेऑफिसच्या आवृत्ती ५.२ च्या आधीची आहे. तिच्यात निकष ‘.*रावपुरा.*’ असा दिलाय. हे रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकूर शोधायची चिन्हांची भाषा: ठिपका म्हणजे कुठलंही एक अक्षर, तारा म्हणजे ते कितीही वेळा. २०१६ मध्ये आलेल्या ५.२ पासून कॅल्कमध्ये एक्सेलसारखी वाइल्डकार्डची, म्हणजे शोधायच्या सोप्या चिन्हांची, सोय आहे. तिथे तारा एकटाच ‘काहीही’ या अर्थाचा आणि ठिपका म्हणजे साधा ठिपका. त्यामुळे कॅल्क ठिपक्याने सुरू होणारी नावं शोधत बसतं. तशी नावं यादीत नाहीतच.

याची किल्ली टूल्स, ऑप्शन्स, लिब्रेऑफिस कॅल्क, कॅल्क्युलेट इथे आहे. वाइल्डकार्ड, रेग्युलर एक्स्प्रेशन किंवा दोन्ही नको, यातलं एकच निवडता येतं. ही निवड फाइलसोबत साठवली जाते, आणि सगळा गोंधळ इथूनच होतो. जुनी ओडीएस (कॅल्कची) फाइल रेग्युलर एक्स्प्रेशनवर असल्याने बरोबर उत्तर देते, वाइल्डकार्डवरची नवी देत नाही. कॉम्प्युटर तोच, सूत्र तेच. जुन्या फाइलमधली शीट नव्या फाइलमध्ये कॉपी केली तरी तेच होतं.

आमचे ऑडिटर एक्सेल वापरतात, म्हणून मी वाइल्डकार्ड ठेवलं आणि निकष ‘*रावपुरा*’ केला. मजकुरातच खरा तारा किंवा प्रश्नचिन्ह असेल तर त्याआधी टिल्ड (~) लावायचं. सेटिंग बदलल्यावर कंट्रोल-शिफ्ट-एफ९ दाबून सगळी सूत्रं पुन्हा मोजून घ्यावीत.

जुन्या फाइलमध्ये हाच प्रश्न उलट बाजूने येतो. रेग्युलर एक्स्प्रेशन चालू असताना व्हीलुकअपला, म्हणजे नाव शोधून त्यापुढची नोंद आणणाऱ्या फंक्शनला, ‘पाटील (रावपुरा)’ दिलं की कंस गट करायचं चिन्ह ठरतात आणि समोर नाव दिसत असूनही #एन/ए (सापडलं नाही) येतं. तिथे दोन्ही कंसांआधी बॅकस्लॅश हवा. कॅल्क्युलेटच्या पानावरची, निकष संपूर्ण सेलला लागू करायची खूणही पाहा. ती नसेल तर नुसत्या ‘पाटील’ निकषात सगळ्या भागांतले पाटील मोजले जातात आणि बेरीज फुगते.

दुसरी अडचण इनडायरेक्टची, म्हणजे मजकुरात लिहिलेल्या पत्त्यावरून सेल गाठणाऱ्या फंक्शनची. पुस्तिकेत शीटचं नाव आणि सेल यांच्यामध्ये ठिपका आहे. पत्ता लिहायच्या एक्सेल ए१ पद्धतीत तिथे उद्गारचिन्ह लागतं. ऑप्शन्समधल्या फॉर्म्युला पानावर पद्धत बदलली की साधे संदर्भ आपोआप नव्या रूपात दिसतात. इनडायरेक्टमधला पत्ता मात्र अवतरणातला मजकूर असल्याने तसाच राहतो आणि #आरईएफ! (चुकीचा संदर्भ) येऊ शकतं. त्यासाठीची वेगळी निवड त्याच पानावरच्या तपशीलवार सेटिंगमध्ये, कस्टमखाली आहे. माझ्या मते शीट मोजक्या असतील तर इनडायरेक्ट काढून सरळ संदर्भ द्यावा.

नव्या व्हिडिओतलं सूत्र जुन्या आवृत्तीवर टाकलं तर निदान #नेम? (फंक्शन ओळखलं नाही) असं स्पष्ट दिसतं. उदाहरणार्थ, शोधायचं नवं फंक्शन एक्सलुकअप कॅल्कमध्ये २४.८ ला, म्हणजे ऑगस्ट २०२४ मध्ये आलं. एक्सेल २०१९ मध्येही ते नाही. तिथे इंडेक्स आणि मॅच ही जुनी फंक्शनं वापरा. आवृत्तीचा आकडा हेल्पमधल्या अबाउटमध्ये दिसतो. ७.६ नंतर थेट २४.२ आली, त्यामुळे मधले आकडे शोधू नका.

आता प्रत्येक शीटच्या तळाशी ताळ्याची एक ओळ आहे: वर्गणीच्या रकान्याची साधी बेरीज वजा सगळ्या भागांच्या समइफची बेरीज. फरक शून्य नसेल तर आधी कॅल्क्युलेटचं पान उघडायचं, सूत्राला नंतर हात लावायचा.