अ‍ॅडर्ली थांबा : वॉटर कॉलम हलवला

माझ्या रेल्वे मॉडेलमधला वॉटर कॉलम, म्हणजे इंजिनात पाणी भरायचा सोंडेचा खांब, उपटून पुन्हा रोवला. दोन रविवार त्यात गेले, पण आता थांबा जागेवर बसल्यासारखा दिसतोय.

निलगिरी रेल्वेवर मेट्टुपालयमपासून १३ किलोमीटरवर अ‍ॅडर्ली. स्टेशन म्हणून ते बंद झालंय, गाडी थांबते ती इंजिनाला पाणी भरायला. मला त्यातला तेवढाच क्षण हवाय. स्केल १:८७, दोन रुळांमधलं अंतर १२ मिमी.

कॉलम मी कुन्नूरकडच्या, म्हणजे वरच्या टोकाला लावला होता. इंजिन पुढे, हे डोक्यात इतकं पक्कं असतं! पण या घाटात एक्स क्लास इंजिन गाडी मागून ढकलत नेतं, ते कायम उताराच्या बाजूला. डबे इमारतीसमोर उभे केले, तर इंजिन कॉलमपासून तीन डबे लांब. आता कॉलम खालच्या टोकाला आहे. सोंड वायरच्या काळ्या इन्सुलेशनची केली.

या इंजिनाला तहान का लागते, ते चढ मांडल्यावर नीट कळलं. कल्लार स्टेशननंतर १२ला १ चढ आणि मधोमध दातेरी रूळ. तिथे चारही सिलिंडर कामाला लागतात : दोन चाकांना, दोन दातेरी चक्रांना, आणि पहिल्या दोघांतून निघालेली वाफच दुसऱ्या दोघांत जाते. टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा मागचा डबा नाही, पाणी अंगावरच्या टाक्यांत मावेल तेवढंच. माझ्या चार फुटी फळीवर हाच चढ चार इंच होतो. नुसत्या चाकांवर माझं इंजिन दोनच डबे ढकलतं, तिसऱ्याला घसरतं.

दातेरी रुळाचं काम सगळ्यांत किचकट. मुळात दोन पट्ट्या, ४४ मिमी अंतरावर, रुळांपेक्षा ६५ मिमी उंच, दात एकाआड एक. आपल्या स्केलला अंतर अर्धा मिमी, उंची पाऊण मिमी! गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या एका कारागीर मामांनी सोनारी करवतीने पितळी पट्ट्यांवर दात काढून दिले. एक फूट झालंय. ते फक्त दिसण्यापुरते, तरी हात लावून बघावेसे वाटतात.

डोंगराला शाडू, त्यात कागदाचा लगदा. तडे थांबले.

बाबा रोज संध्याकाळी येऊन बसतात. १८९१ साली सुरू झालेली आपली कोल्हापूर-मिरज लाइनही ब्रॉडगेज होण्याआधी निलगिरीसारखी मीटरगेजच होती, लहानपणी त्यांनी तिने प्रवास केलाय. परवा फळीवरचा रूळ बोटांनी मापत म्हणाले, "असाच हुता बघ आपला. अरुंद."

पुढच्या रविवारी टाकीचे पाय.