पहिल्या पाच फ्रेटची घरघर: आरोपी खिडकीतच बसला होता

सापडला एकदाचा. लाली, म्हणजे माझी बास गिटार, हिच्या पहिल्या पाच फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) येणाऱ्या घरघरीचा आरोपी. पण सापडायच्या आधी माझ्या हातून सहाव्या फ्रेटचं जे वाटोळं व्हायचं ते होऊन गेलं, त्यामुळे हा आनंदाचा रिपोर्ट अर्धाच समजा.

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा लालीचा सेटअप झाल्याच्या नशेत होतो. रिलीफ (मानेचा किंचित पुढचा बाक) ०.३५ मिमी, सतराव्या फ्रेटवर ई तार अडीच मिमी उंच, जी तार दोनला किंचित कमी, ४५-१०५ जाडीच्या निकेल राउंडवाउंड तारांचा नवा सेट, बाराव्या फ्रेटचा सूर आणि हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला सूर) यांच्यात दोन सेंटांचाही (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) फरक नाही. रात्री अकराला महालातल्या आमच्या वरच्या खोलीत वाजवली तर लोणी. दुसऱ्याच दिवशी वर्धा रोडवरच्या एका एसी हॉलमध्ये रिसेप्शनचा ऑर्केस्ट्रा होता. सामान लावायला दुपारी बारालाच बोलावलं होतं. संध्याकाळी साउंडचेकला पहिला एफ वाजवला, ई तारेचा पहिला फ्रेट, आणि डब्यात भुंगा अडकल्यासारखा आवाज. तिसऱ्यावर तेच. पाचव्यावर जरा कमी. सातव्याच्या वर एकदम स्वच्छ.

ढोलकीवाला मागून ओरडला, "काय बे, तंबोरा लावून राहिला का?"

तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेची ती मुद्दाम आणलेली गुंजणारी झार, लावायला कारागिराची हयात जाते, मला ती फुकटात मिळाली होती, तीही नको त्या वाद्यात. बास डीआयमधून (वाद्य मिक्सरला जोडणारा डबा) थेट मिक्सरला, त्यामुळे लपवायला अ‍ॅम्पसुद्धा नाही. टोनचा खुंटा पार खाली पाडून कार्यक्रम उरकला. घरी आलो, झोपलो, दुसऱ्या रात्री वाजवली तर पुन्हा लोणी. मे महिन्यात हा छळ तीन वेळा झाला. घरी गुणी, हॉलमध्ये द्वाड. शाळेत आमच्याबद्दल घरी सांगायचे त्याच्या बरोबर उलटं.

आता संशयितांची रांग.

नटवर, म्हणजे मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीवर, पहिला आळ घेतला. तिसरा फ्रेट दाबून पहिल्या फ्रेटवरची फट पाहिली, वर्तमानपत्राची पट्टी सहज सरकली, म्हणजे खाच खोल गेलेली नाही. अर्धा तास हे करून झाल्यावर डोक्यात आलं की बोट फ्रेटवर दाबलं की नट त्या सुरातून बादच होतो. घरघर दाबलेल्या सुरांत होती, मोकळी तार ठीक होती. म्हणजे अर्धा तास निव्वळ गाढवपणा. मग ढिले पार्ट. हेडस्टॉक (मानेचं खुंट्यांचं डोकं) चिमटीत धरून वाजवलं, सॅडलचे (बॉडीकडे तार जिच्यावर टेकते ती घोडी) उंचीचे स्क्रू तपासले. डी तारेच्या खुंटीचा बुश खरंच ढिला होता. तो आवळला आणि डी तारेवरची एक फार जुनी कुरकुर, जी मी तिचा स्वभाव म्हणून वर्षभर सहन केली होती, ती गेली! त्या संध्याकाळी चहा दोनदा झाला. मूळ रोग मात्र जागच्या जागी.

मग तारांवर खर्च केला. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून दुसरा सेट मागवला. ए तारेवर चक्क गंजाचे ठिपके. परत घ्यायला त्याने पाकीट उघडतानाचा व्हिडिओ मागितला. तार घेताना व्हिडिओ कोण काढतं, राजेहो? असो. गंजकी का होईना, तारही निर्दोष सुटली.

आणि मग ते पाप. सहा इंची स्टीलच्या पट्टीचे तुकडे करून फ्रेट रॉकर बनवला होता, तीन फ्रेटवर ठेवून मधला उंच आहे का ते बघायला; उंच असला की पट्टी डुलते. पाचवा, सहावा, सातवा असे तीन फ्रेट धरून पट्टी ठेवली तर जाड तारांच्या बाजूला टकटक, टकटक. सहावा उंच! इतके दिवस शोधतोय तो हाच, असं ठरवून टाकलं. मास्किंग टेप लावली, मार्करने फ्रेटचा माथा काळा केला, बारीक कानस घेतली आणि टकटक थांबेपर्यंत घासला. पहिल्या आणि तिसऱ्या फ्रेटची घरघर सहाव्याने कशी होईल, हा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता. पहिला दाबला की तार आधी दुसऱ्या-तिसऱ्याला घासणार. पण हातात कानस असली की माणूस विचार करत नाही.

नंतर अंगठ्याने दाबून पाहिला तर सहावा फ्रेट हलला. तो उंच नव्हताच, एका टोकाने खाचेतून उचलला गेला होता. नायलॉनच्या हातोडीची एक टिचकी आणि सुपरग्लूचा एक थेंब पुरला असता. टिचकी मी मारलीच, पण घासून झाल्यावर. आता तो बसला आहे आणि जितका घासला तितका खोल आहे. परिणाम असा की ए तारेवर सहावा दाबला की तार सातव्याला चाटते. हा सूर कुठला? काळी दोन, पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीचा. आमचे गायक काळी दोनशिवाय तोंड उघडत नाहीत.

एवढं करून मूळ घरघर तशीच. त्या आठवड्यात मी लाली विकायला काढली होती, फोटोसुद्धा काढले होते.

तेवढ्यात कूलरचा पंप जळाला.

नागपुरात मे महिन्यात कूलरचा पंप जळणं ही घरगुती आणीबाणी. पारा पंचेचाळीसला, पंखा नुसता भट्टीची हवा फेकतोय, मिस्त्री "उद्या येतो" म्हणून गायब. दोन दिवस ताट्या कोरड्याठाक. दुसऱ्या रात्री झोप येईना म्हणून लाली उतरवली, एफ वाजवला आणि भुंगा बोलला. घरी! आमच्या खोलीत! पहिल्यांदाच!

मी अंधारात तसाच बसून राहिलो. मग मोबाइलचा टॉर्च लावून फीलर गेज (फट मोजायची ठरावीक जाडीची धातूची पानं) काढला. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), जिथे मान बॉडीला मिळते तिथला फ्रेट बोटाने दाबलेला, सातव्या फ्रेटवर पान सरकवायचं. ०.३५ चं पान तार उचलायला लागलं. ०.२० चंसुद्धा. ०.१५ चं बसलं. म्हणजे मान सरळ होऊन तार फ्रेटच्या जवळ आलेली. ट्रस रॉडला, म्हणजे हा बाक कमीजास्त करणाऱ्या मानेतल्या सळईला, मी तीन आठवडे हात लावलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पंप बसला, ताट्या भिजल्या, खोलीला तो ओल्या गवताचा वास आला आणि पुढच्या रात्री रिलीफ पुन्हा ०.३५ च्या वर. लाली ज्या खुंटीला टांगते ती खुंटी खिडकीतल्या डेझर्ट कूलरच्या बरोबर समोर, दोन मीटरवर. रोज रात्रभर ती बाई पाणी पीत होती.

हायग्रोमीटर आणला आणि पुरावा जमा केला. कूलर चालू, बास खुंटीवर: आर्द्रता ७१ टक्के, रिलीफ ०.३८. पंप बंद होता त्या दिवसांची आर्द्रता नंतर पंप मुद्दाम बंद ठेवून मोजली, २२ टक्के. मग लाली दोन दिवस आत्याकडे धंतोलीला, एसीच्या खोलीत ठेवली: ४३ टक्के, ०.२०. आत्याने विचारलं, "आजारी आहे का रे ती?" तिसऱ्या दिवशी सकाळी तिथेच वाजवली, पहिल्या पाच फ्रेटवर तोच हॉलवाला भुंगा. म्हणजे हॉलचं काहीच चुकत नव्हतं. मी सेटअप करायचो रात्री अकराला, भिजलेल्या मानेवर, आणि वाजवायचो सुकलेल्या मानेवर. त्यात दुपारी बाइकवर गिगबॅग उन्हात भाजून निघायची. तारा तापून उतरायच्या, मी त्या चढवायचो, आत एसीत थंड होऊन त्या पुन्हा चढायच्या. दर अर्ध्या तासाला ट्यूनिंग का बिघडतं म्हणून खुंट्यांना दिलेल्या शिव्या या निमित्ताने जाहीरपणे मागे घेतो.

दमट हवेत मान कुठल्या बाजूला झुकेल, हे मानेमानेवर असतं. बोर्डाचं लाकूड, पॉलिशचा थर, रॉड किती ओढलेला आहे, सगळ्याचा हात असतो. माझी पुढे झुकते म्हणून तुमचीही झुकेल, असं धरू नका. आपापली मोजा.

मोजण्यावरून आठवलं. फीलर गेज ऑटो पार्टच्या दुकानातलाच घ्या. मोटरसायकलचे टॅपेट सेट करायला मिस्त्री वापरतो तोच. दीडशे रुपयांत आला. "लुथियर किट" (लुथियर म्हणजे गिटार कारागीर) म्हणून जे सुंदर पाऊच विकतात त्यात हाच गेज दहापट भावात आणि सोबत चिखलासारख्या मऊ अ‍ॅलन की. माझ्या किटमधल्या चावीने रॉडच्या नटाचे कोपरे गोल व्हायला लागले होते. इतवारीत लोहा ओळीत जाऊन कडक पोलादाची ४ मिमीची एकच चावी घेतली. दुकानदार काकांना नटाचा फोटो दाखवला तर म्हणाले, "चावी खेळली नाही पाहिजे. खेळली की नट गेला समज." एवढं ज्ञान आणि चावी, दोन्ही मिळून चाळीस रुपये.

आता उपाय. पहिला बेत असा होता की हेडस्टॉकवर रॉडच्या नटाशेजारी नेलपॉलिशचे दोन ठिपके द्यायचे, एक कूलरचा, एक एसीचा. हॉलमध्ये पोचलो की पाव फेरा ढिला, घरी आलो की पाव फेरा घट्ट. बहिणीची नेलपॉलिश मागूनही झाली. पण हे लिहितानाच पटत नाहीये. पाव फेरा फिरवल्यावर मान लगेच जागेवर येत नाही, रात्रभर सरकत राहते. मग हॉलमध्ये साउंडचेक आणि कार्यक्रम यांच्या मधल्या तासाभरात मी काय फिरवणार आणि काय मोजणार? शिवाय आठवड्यातून दोनदा तो नट फिरवायचा म्हणजे आधीच गोल झालेल्या कोपऱ्यांची तेराव्याची तयारी.

म्हणून ठिपके रद्द. सेटअप सुक्या मानेवर करायचा, जिथे वाजवायची तिथल्या हवेचा. आत्याच्याच खोलीत बसून रॉड पाव फेरा ढिला केला, एक रात्र थांबलो, सकाळी ०.३२ आलं. पहिला, दुसरा, तिसरा फ्रेट, ई तारेवर बोटाने जोरात ओढूनसुद्धा गप्प. अहाहा. तो एफ मी दहा मिनिटं एकटाच वाजवत बसलो होतो. आत्या दारातून बघून गेली, काही बोलली नाही.

रिलीफ बदलला म्हणून इंटोनेशन (दाबलेला सूर नेमका लागण्यासाठीची जुळणी) पुन्हा. ई तार दाबल्यावर पाच सेंट चढी येत होती, सॅडल मागे घेतलं, आता दोनच्या आत. खालचा ई ४१.२ हर्ट्‌झचा, फोनच्या ट्यूनरला तो धड ऐकूच येत नाही, काटा भूत बघितल्यासारखा नाचतो. बाराव्या फ्रेटच्या हार्मोनिकवर लावा, ८२.४ वर काटा शहाण्यासारखा उभा राहतो. १९५१ साली गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरने बासला फ्रेट बसवले, सूर अचूक लागतो म्हणून नाव ठेवलं प्रिसिजन. कॅलिफोर्नियात खिडकीला ओल्या ताट्या नसाव्यात.

मग लालीला घरी ठेवायची कुठे? खोलीत हार्डकेसमध्ये बंद, हा विचार होता; पण केस उघडली की तीच हवा. म्हणून ती आता मधल्या खोलीत, धान्याच्या कोठीशेजारी, जिथे कूलरचा वारा पोचत नाही. काल तिथे हायग्रोमीटर ३८ दाखवत होता, आत्याच्या एसी खोलीतल्या ४३ पासून फार लांब नाही. आईचं म्हणणं, "लाकडाले वारा लागते म्हून माणसाच्या खोलीतून हलवलं, अन् माह्या तांदळाच्या वाटेत आणून ठेवलं!" कोठीचं झाकण उघडायला लाली दर वेळी उचलून बाजूला करावी लागते, हे खरं आहे. खुंटी दोन हात वर ठोकायचं कबूल केलं आहे.

फ्लॅटवाउंड (चपटी पट्टी गुंडाळलेल्या) तारा लावायचा बेत पुढे ढकलला. ताण बदलेल, मान पुन्हा हलेल, आणि मला सध्या एका वेळी एकच गोष्ट हलायला हवी आहे. पाऊस लागला की कूलर नुसत्या पंख्यावर जाईल, पण मग अख्खं नागपूरच एक कूलर होईल. तेव्हा मधल्या खोलीतला आकडा किती चढतो ते दर रविवारी लिहून ठेवणार आहे.

राहिला सहावा फ्रेट. नवा फ्रेट बसवायचा की सातव्यापासून वर सगळे त्याच्या पातळीला आणायचे, या दोन्हींत माझी छाती होत नाही. तात्पुरता तोडगा: काळी दोन आता डी तारेच्या पहिल्या फ्रेटवर घेतो. सूर तोच, हात मात्र खाली न्यावा लागतो आणि दोन जागी बोटांची गाठ बसते. सहाव्याला मी वाजवताना अजून विसरतो आणि मग भुंगा बोलतो. शुक्रवारी पुन्हा तोच वर्धा रोडचा हॉल आहे. चाळीस रुपयांची चावी शर्टाच्या खिशात असेल, पण बाहेर काढायची नाही असं ठरवलंय. ढोलकीवाल्याला तसं सांगूनही ठेवलंय.