ड्युसेलडॉर्फची आग आणि फॉल्स सीलिंगच्या वरची पोकळी

११ एप्रिल १९९६. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ विमानतळावर टर्मिनलच्या वरून जाणाऱ्या रस्त्याच्या सांध्यावर वेल्डिंग चालू होतं. ठिणग्या खाली छताच्या पोकळीत पडल्या. तिथे पॉलिस्टायरिनचं (थर्माकोलसारख्या, पेट घेणाऱ्या फोमचं) इन्सुलेशन होतं आणि स्प्रिंकलर (आगीवर आपोआप पाणी फवारणारे नळ) नव्हते. आग बराच वेळ दिसलीच नाही; दिसली तेव्हा काळा धूर सगळीकडे पसरला होता. १७ माणसं गेली, त्यातली काही लिफ्टमध्ये.

म्हणून इमारतीचं ड्रॉइंग हातात आलं की आधी फॉल्स सीलिंगच्या वरची पोकळी बघा. आत ज्वलनशील काही असेल तर स्प्रिंकलर आणि धूर ओळखणारे डिटेक्टर दोन्ही हवेत. खाली प्रवाशांच्या डोक्यावर लावलेला स्प्रिंकलर वरची आग विझवत नाही. वेल्डिंगच्या परवान्यात ११ मीटरच्या परिघातलं ज्वलनशील सामान हटवणं, फटी फायर ब्लँकेटने झाकणं आणि काम संपल्यावर तासभर पहारा लिहाच. खालच्या मजल्यावरही माणूस ठेवा, ठिणगी तिथेच पोचते.

लिफ्टचं नीट समजून घ्या. दाराचा प्रकाशकिरण धुराने अडला की दार मिटतच नाही, लिफ्ट हलत नाही आणि आतली माणसं तिथेच धुरात अडकतात. अलार्म वाजताच लिफ्टने ठरलेल्या मजल्यावर यावं. तिथेच धूर असेल तर दुसऱ्या. हे प्रत्यक्ष चालवून तपासा.

बाहेर पडायच्या दारांसाठी माणशी ५ मिलिमीटर रुंदी धरतात, म्हणजे १००० जणांना ५ मीटर. पण माणसं आलेल्या वाटेनेच परततात, त्यामुळे सगळी रुंदी एकाच बाजूला देऊ नका. एप्रनकडची (विमानं उभी राहतात त्या बाजूची), सुरक्षेसाठी कुलूपबंद दारं अलार्मसरशी उघडलीच पाहिजेत.