आमची गल्ली हैदराबादला गेली

आज बतुकम्माचा सहावा दिवस. बतुकम्मा म्हणजे आम्हा तेलुगू लोकांचा नऊ दिवसांचा सण, ताटात फुलांचे थर रचून देवी करायची आणि तिच्याभोवती फेर धरायचा. आज बतुकम्मा रचत नाहीत, आज ती रुसलेली असते. कुणावर रुसते म्हणून अव्वाला, म्हणजे आजीला विचारलं तर म्हणाली तुला काय करायचंय, जर्नल पूर्ण कर. जर्नल पुढ्यात उघडंच आहे, प्रिझमची आकृती काढून झालीये, रीडिंग उतरवायची राहिलीयेत, पण डोक्यात सकाळपासून तेच तेच चाललंय, म्हणून शेवटी इथं लिहायला बसले.

रील. बास, एवढंच झालंय. कुणी शिव्या दिल्या नाहीत, कुणी भांडलं नाही. माझी मैत्रीण, तिला स म्हणू, पहिल्या दिवशी आमच्या गल्लीत आली, मीच बोलावलं होतं, जुळे सोलापूरहून रिक्षा करून आली बिचारी, कन्ना चौकाच्या पुढं ती कधी आलेलीच नव्हती. आल्या आल्या म्हणाली, "अगं इथं तर सगळ्या पाट्या पण मराठीतच आहेत की." मग कशात असणार बे. पण तेव्हा मी हसले. तिनं सगळ्यांचे व्हिडिओ काढले, अव्वाचे जास्त, दोन प्लेट भजी खाल्ली, आणि रात्री रील टाकलं. एडिट भारी केलंय, खोटं कशाला बोलू. खाली लिहिलंय तेलंगणा वाइब्स, पुढं एक पिवळं फूल, आणि लोकेशन हैदराबाद.

हैदराबाद इथून 300 किलोमीटर आहे.

मी मेसेज केला की अगं लोकेशन चुकलंय. तर म्हणे, "चुकलं नाय गं, सोलापूर टाकलं तर रीच येत नाही. आणि कल्चर तिकडचंच आहे ना तुमचं?" आणि एक हार्ट. आता यावर मी काय बोलणार होते. कल्चर तिकडचंच आहे. ती खोटं बोलली नाही, वाईट पण बोलली नाही, म्हणून तर डोकं फिरलंय, वाईट बोलली असती तर सरळ भांडले असते आणि मोकळी झाले असते.

रील मी किती वेळा बघितलं ते विचारू नका. त्यात अव्वा वाकून टाळ्या वाजवत गोल फिरतीये, तिच्या मागं पप्पांची स्कूटर आहे, एमएच 13, नंबर स्पष्ट दिसतोय. त्याच्या मागं शटर, शटरवर "येथे वाहने लावू नयेत". वर नवरात्रीच्या हार्दिक शुभेच्छांचा बॅनर, त्यात हात जोडलेले अकरा जण, सगळे भावी नगरसेवक. एवढं सगळं दिसतंय आणि तरी खाली हैदराबाद. आणि आवाज काढून टाकलाय! आमच्या बायका काय म्हणलालेत ते ऐकूच येत नाही, वर कुठलं तरी ट्रेंडिंग म्युझिक. शेजारच्या शेडमधला मागाचा खटखट आवाज पण गेला, तो तर आमच्याकडं बारशाच्या व्हिडिओत पण असतो.

त्या दिवशी पहाटे पप्पा आणि मी अक्कलकोट रोडच्या पुढं माळावर जाऊन तरवड तोडून आणला होता. तेलंगणात तंगेडू म्हणतात, तिथलं राज्याचं फूल आहे म्हणे. आमच्याकडं माळावर असंच वाढतं, कुणी विचारत नाही त्याला. कुर्डू अव्वाच्या बहिणीनं आणला, त्याचे तुरे आदल्या रात्री रंगाच्या पाण्यात बुडवून ठेवले होते, माझी नखं अजून गुलाबी आहेत. पितळी ताटात आधी भोपळ्याची पानं पसरायची, मग तरवडाचा थर, मग कुर्डू, मग झेंडू, वर जाईल तसा घेर कमी कमी करत, आणि सगळ्यात वर हळदीची गौरम्मा. थर तिरका गेला की अव्वा सगळं मोडायला लावते. तीनदा मोडलं तिनं. आणि त्याच्यावर लिहिलंय हैदराबाद.

मला नक्की कशाचा राग आलाय तेच कळंना. म्हणजे राग पण नाही तो. आपल्याला न विचारता कुणीतरी आपलं घर उचलून दुसरीकडं ठेवावं तसं काहीतरी.

आणि योगायोग असा की याच आठवड्यात घरात कास्ट व्हॅलिडिटीची, म्हणजे जात पडताळणीची फाईल निघालीये. बारावी सायन्स, पुढं सीईटी, आमची जात एसबीसीत, म्हणजे विशेष मागास प्रवर्गात, म्हणजे आपण 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीपासून महाराष्ट्रातच राहतोय याचे कागद पाहिजेत. पप्पा रोज रात्री जेवण झालं की कपाटावरची प्लास्टिकची पिशवी काढतात आणि जमिनीवर कागद मांडून बसतात. ताताचा, म्हणजे आजोबांचा शाळेचा निर्गम उतारा मिळाला, 1954 चा, म्युनिसिपालटीची तेलुगू शाळा. ताताच्या बापाचा मिलमधला एक कागद आहे, घडीवर फाटलाय, त्याला हात लावला की पप्पा ओरडतात. जिथून आमचे लोक आले ते करीमनगर बाजूचं गाव तेव्हा निजामाचं होतं. मग 1956 ला ते आंध्र प्रदेशात गेलं, मग 2014 ला तेलंगणा झालं. गाव जागचं हललं नाही आणि राज्यं बदलत गेली, आम्ही एकदाच हललो आणि इथंच राहिलो, तरी वर्गात अजून "ए आंध्रा" म्हणतात. असो, ते जाऊ दे, ते आठवीतलं आहे, आता तसं कुणी म्हणत नाही, म्हणजे तोंडावर तरी.

तर सरकारला पटवायला एवढी मोठी पिशवी लागते की आम्ही इथले आहोत, आणि तिकडचे आहोत हे स ला दोन सेकंदात पटलं. पुरावा पण मागितला नाही. ती फाईल घेऊन तिच्या घरी जावं असं रात्री वाटलेलं, निर्गम उतारा हार्टच्या बाजूला ठेवावा.

मला वाटलं निदान तिकडचे तरी आपलं म्हणतील. तर तेलंगणातल्या सिरसिल्लाच्या अक्कानं रील बघून फॅमिली ग्रुपवर लिहिलं की पावलं चुकलेत, हे गरब्यासारखं झालंय, सोलापूरवाल्यांची बतुकम्मा अशीच असते. अशीच म्हणजे कशी? अक्काच्या लग्नात पण हेच, मी दोन वाक्यं बोलले की सगळे गप्प होऊन माझ्याकडं बघायचे आणि मग हसायचे, "महाराष्ट्र पिल्ला", म्हणजे महाराष्ट्राची पोर, म्हणून एकीनं गाल ओढला माझा. चांगल्या मनानं ओढला. सगळे चांगल्याच मनानं करतात, हाच तर प्रॉब्लेम आहे. तिकडं 2017 पासून सरकार बायकांना बतुकम्मासाठी साड्या वाटायचं, सिरसिल्लाच्याच मागांवर विणलेल्या, तर अक्कानं तेव्हा फोटो पाठवलेला. अव्वा बघून म्हणाली आपल्याला कोण देणार, आपण चुकीच्या राज्यात बतुकम्मा करतो. सगळे हसले होते. मी पण.

पण सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच आहे. रीलच्या खाली ढीगभर कमेंट्स आल्यात आणि त्यातल्या निम्म्या तेलुगू लिपीत. आणि मला वाचता येत नाहीत. माझ्या अव्वाबद्दल लोक काहीतरी लिहीत आहेत, माझ्या घरात बोलतात त्या भाषेत, आणि मी त्या गोल गोल अक्षरांकडं बघत बसलीये. पप्पांना पण येत नाही, ते पण मराठी शाळेतले. अव्वाला कुठलंच येत नाही. ताता असते तर. फोनमध्ये भाषांतराचं बटण आहे, पण ते दाबायला मन होईना, आपल्याच घरात बेल वाजवून शिरल्यासारखं वाटलं. शेवटी फोन घेऊन समोरच्या मास्तर ताताकडं गेले. त्यांनी चष्मा पुसला, स्क्रीन नाकाला लावली आणि एकेक मोठ्यानं वाचली. एकानं लिहिलं होतं माझी आजी अशीच दिसायची. एकीनं लिहिलं होतं आमच्या अपार्टमेंटमध्ये आता डीजे लावतात, असं गल्लीत बघून बरं वाटलं. एक कमेंट त्यांनी नुसती मनात वाचली आणि पुढं गेले. काय आहे विचारलं तर "काय नाय, रिकामटेकडे आहेत" म्हणाले. मी परत विचारलं नाही.

तर असं सगळं घेऊन, तोंड पाडून, मी अव्वाशेजारी जाऊन बसले. ती सुपात तंबाखू घेऊन विड्या वळत होती, सणाचं पण तिचं थांबत नाही, हजार झाल्याशिवाय उठणार नाही. पान कापायचं, चिमूट भरायची, वळायचं, टोक मोडायचं, दोरा, पुढची. डोळे वर न करता विचारलं काय झालं. मी सांगितलं सगळं, की तुला हैदराबादची करून टाकलंय.

"किती जणांनी बघितलं?"

"एक्केचाळीस हजार."

हात थांबला तिचा. पहिल्यांदाच बघितलं मी असं, पान हातात आणि हात थांबलेला. "एवढे लोक? मला आधी सांगायचं नाय होय, ती जुनी साडी नेसून नाचले मी!" बरं म्हटलं, पण हैदराबादचं काय? तर म्हणते, "मी जन्मात कधी गेले नाय हैदराबादला. फुकटात नेऊन आणलं की पोरीनं." आणि परत विडी वळायला लागली. मग आपली आपणच हसायला लागली, तंबाखू उडाला, ठसका लागला, पाणी आणायला मलाच उठावं लागलं.

तिला काहीच वाटत नाही का? की वाटून वाटून संपलंय? विचारायला पाहिजे होतं, पण तोवर तिनं अक्काच्या पावलांचा विषय काढला, आणि तो फार वेळ चालला. थोडक्यात असं की अक्काच्या आजीला फेर कुणी शिकवला, तर अव्वाच्या सासूनं, ती बाळंतपणाला मदत करायला तिकडं गेली होती तेव्हा. म्हणजे चुकली असतील तर सोलापूरचीच पावलं तिकडं जाऊन चुकलेत. हे ग्रुपवर लिही म्हणून माझ्या मागं लागलीये.

ते काय मी लिहिणार नाही. पण संध्याकाळी रीलवर एक नवीन कमेंट दिसली, ही इंग्लिशमध्ये होती म्हणून कळली तरी, कुणीतरी विचारलंय की ही गल्ली हैदराबादमध्ये कुठं आहे, जवळचं मेट्रो स्टेशन कुठलं. मी लिहिलं, मेट्रो नाही, स्टँडवरून रिक्षा, कन्ना चौकात उतरा, तिथून कुणालाही विचारा. त्यानं थँक्यू म्हणून अंगठा पाठवलाय. आता तो हैदराबादमध्ये कन्ना चौक शोधत फिरणार. फिरू दे.

सद्दुलाला, म्हणजे शेवटच्या दिवशी, स परत येणार आहे. अव्वानं स्वतः निरोप दिलाय, साडी ठरलीये, मला जवळून घे म्हणून सांग तिला, आणि आवाज ठेव म्हणावं. त्या दिवसाचं रील मी टाकणार, स ला सांगून झालंय, ती म्हणाली टाक पण 200 व्ह्यूज आले तर रडू नकोस. लोकेशन मघाशीच बघून ठेवलं. आमच्या गल्लीचं नाव टाईप केलं तर येतच नाही, जवळचं म्हणून चौकापलीकडच्या एका टॉवेलच्या शोरूमचं नाव दाखवतंय. पप्पांना विचारलं हे टाकू का, तर म्हणाले टाक टाक, दिवाळीच्या आधी त्यांच्याकडून पेमेंट यायचंय, तेवढंच बरं वाटेल त्यांना.