ओल्या पुठ्ठ्याचा वास

सोमवारी आमचं दुकान बंद असतं, म्हणजे गिऱ्हाइकांना. आम्ही मात्र साडेनऊला हजर. ल्यों शहरात क्रुआ-रूसच्या चढावर हे वाइनचं छोटं दुकान आहे आणि मी तिथे तीन वर्षं काम करते. गावाकडे कुणी विचारलं की नाना सांगतात, "पोरगी फ्रान्सला द्राक्षाच्या धंद्यात आहे." खोटं नाही ते. दिंडोरी तालुक्यात आमची चार एकर थॉमसन आहे आणि मी डिजोंला शिकायला आले तीही द्राक्षाचं बोट धरूनच. ते बोट पुढे कुठे घेऊन गेलं, एवढंच नाना चारचौघांत सांगत नाहीत.

फेब्रुवारीतल्या त्या सोमवारी बारा युरोंच्या आतली फळी भरायची होती. ही फळी दाराजवळ, कमरेच्या उंचीवर. वरच्या फळ्यांवरच्या बरगंडी प्रांतातल्या महागड्या वाइनकडे लोक मान वर करून बघतात आणि शुक्रवारी संध्याकाळी पाव घेऊन घरी जाताना या फळीवरून बाटली उचलतात. दुकान चालतं ते हिच्यावर. मला विचाराल तर कामाची खरी परीक्षाही इथेच असते. पन्नास युरो मोजून बरी वाइन आणणं कुणालाही जमेल. नऊ युरोंत चांगली आणायची तर नाव कुठे स्वस्त आहे ते ठाऊक लागतं. मुस्काडे घ्या, कोत द्यु रोन घ्या, बोजोले घ्या: यांच्या नावाला भाव कमी, म्हणून बाटलीही स्वस्त. आतली द्राक्षं काही कमी कष्टाची नसतात.

चाखणारे आम्ही चौघं. मालक, साठीचे. मी. शिकाऊ म्हणून आलेली एक मुलगी. आणि एक निवृत्त आचारी, ज्यांनी इथल्या 'बूशों' म्हणतात त्या खाणावळींत जन्म काढला. ते पगारावर नाहीत, दुपारच्या जेवणावर येतात. मालकांनी मला पहिल्याच महिन्यात 'तू' म्हणायला सांगितलं होतं. फ्रेंचमध्ये मी ते निभावते, पण मनात त्यांना 'अहो'च म्हणते.

बाटल्यांना काळे मोजे घालतात. खरंच मोजे, गळ्यापर्यंत ओढलेले. त्या दिवशी दहा होत्या: चार पांढऱ्या, सहा लाल. कुठल्या मोज्यात काय ते फक्त मालकांना माहीत. सकाळची वेळ मुद्दाम निवडलेली, कारण तोंड कोरं असतं. कॉफी प्यायची नाही, अत्तर लावायचं नाही. ग्लास आधी न हलवता हुंगायचा, मग फिरवून हुंगायचा, मग छोटा घोट घेऊन तो तोंडभर खेळवायचा, थोडी हवा आत ओढायची आणि चूळ टाकावी तसा टाकून द्यायचा. त्यासाठी टेबलावर भांडं असतं. आजीची पितळी पिकदाणी मी मोडीत घालायला लावली होती, ते मला दर सोमवारी आठवतं.

वास ओळखण्याचं माझं दुखणं वेगळं होतं. डिजोंला शिकवलं ते कासिस, क्विन्स, गूझबेरी, बाभळीच्या जातीतली कसलीशी फुलं. यातलं एकही मी जन्मात हुंगलं नव्हतं. परीक्षेसाठी पाढ्यांसारखं पाठ केलं आणि पासही झाले. दुकानात आल्यावर मालकांनी माझी वही चाळली आणि म्हणाले, "हे सगळं पुस्तकातलं आहे. तुझ्या नाकात काय येतं ते लिही, तुझ्या भाषेत लिही. मला वाचता आलं नाही तरी चालेल." तेव्हापासून वही मराठीत आहे. 'आवळा खाऊन वर पाणी.' 'जांभूळ, बी चोखून झाल्यावरचं.' 'करवंदाचा चीक.' एका कोर्बिएरपुढे नुसतं 'नागपंचमीची मेंदी' लिहिलंय, आणि ती बाटली मला आजही त्या दोन शब्दांवरून जशीच्या तशी आठवते.

पांढऱ्या पटापट झाल्या. पहिली मुस्काडे होती हे कुणाला सांगावं लागलं नाही. नांत शहराजवळची ही वाइन हिवाळाभर मेलेल्या यीस्टच्या गाळावरच ठेवतात, त्यामुळे तिला आंबोळीच्या आंबलेल्या पिठासारखा किंचित वास येतो आणि जिभेला बारीक चुरचुर लागते. दुसरीने दात आंबवले. तिसरी सपक होती. चौथी तोंडात घेतली आणि मी घरी गेले. शेनँ! नाशिकला आम्ही हिला 'चेनिन' म्हणतो आणि तिच्या बागा आमच्या घरापासून स्कूटरवर वीस मिनिटांवर आहेत. इथली व्हुव्रेची होती, लुआरच्या काठची, चुनखडीच्या जमिनीतली. आमच्याकडची चेनिन पिकल्या पेरूसारखी मोकळी हसते, ही ओठ मिटून हसत होती. पण नाक तेच, एका आईच्या दोन लेकींचं असावं तसं.

लालमध्ये पहिली बोर्दोची, मेर्लो द्राक्षाची. तिला व्हॅनिलाचा भपकारा. ओकचे पिंप परवडत नाही तेव्हा ओकचे तुकडे टाकीत सोडतात; युरोपात याला 2006 पासून परवानगी आहे. मला हा प्रकार लग्नात भाड्याचा कोट घालून आल्यासारखा वाटतो. आचारीबुवांना आवडली, त्यांच्याशी मी वाद घातला नाही. मग शिनोंची काबेर्ने फ्राँ, कच्च्या ढोबळी मिरचीची आठवण देणारी, छान. मग एक कोत द्यु रोन, दारूच्या उष्णतेने घसा तापवणारी. चौथी बोजोलेची गामे. हलकी, रसाळ, करवंदाच्या जवळची. आम्ही चौघांनीही न बोलता खूण केली.

पाचव्या मोज्यातली ओतली. रंग सुंदर, फिका माणकासारखा. मी ग्लास नाकाशी नेला आणि पहिल्याच श्वासाला पोटात खड्डा पडला.

तो वास मला माहीत होता. एका मार्चमध्ये आमची बाग तोडणीला आली होती. पॅकिंगच्या शेडमध्ये पुठ्ठ्याची खोकी छतापर्यंत रचलेली. दुपारी अवकाळी आला, वाऱ्याने दोन पत्रे उडाले आणि तासाभरात खोक्यांचा लगदा झाला. बागेत घड तडकले होते, तिकडे जायची कुणाची हिंमत नव्हती, म्हणून सगळे शेडमध्ये खोकी आवरत बसलो. ओला पुठ्ठा, खाली ओलं गोणपाट, वर कुबट वाफ. पुढचे आठ दिवस घरात तोच वास होता आणि नाना कुणाशी बोलत नव्हते.

मी दुसऱ्यांदा हुंगलं. काहीच नाही. तिसऱ्यांदा, काहीच नाही. नुसती एक गप्प, फळ हरवलेली वाइन. शिकाऊ मुलगी म्हणाली, "गंभीर आहे." आचारीबुवा म्हणाले, "अजून मिटलेली आहे, उघडेल." मालक ग्लासकडे प्रेमाने बघत म्हणाले, "घाई करू नका हिच्याशी."

वाटलं, गप्प बसावं. तिघं फ्रेंच, त्यातले दोघं या धंद्यात माझ्या वयाहून जास्त वर्षं घालवलेले. शिवाय मलाच आता तो वास येत नव्हता. पण बुचाच्या दोषाची खोड हीच आहे. बुचात बुरशी आणि क्लोरीन यांच्या संगनमताने एक रसायन तयार होतं. त्याचं नाव ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल. लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असलं तरी माणसाला जाणवतं. पण नाक त्याला लगेच सरावतं, म्हणून पहिला श्वास खरा मानायचा. ते पोटाला अपाय करत नाही, फक्त फळाचा वास मारून टाकतं. ज्याला ती वाइन मुळात कशी असते हे ठाऊक नाही, तो म्हणतो, असेल बुवा अशीच.

"बूच," मी म्हणाले. "ओला पुठ्ठा."

मालकांनी परत हुंगलं. "नाही."

"मला आता येत नाहीये. पण पहिल्यांदा आला होता."

हा युक्तिवाद किती लंगडा होता ते माझं मलाच ऐकू आलं. मालक क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग तळघरात गेले आणि त्याच वाइनची दुसरी बाटली घेऊन आले, या वेळी मोज्याशिवाय. व्होलने! बरगंडीची, पिनो न्वार, दुकानात अठ्ठेचाळीस युरोंना. आमची परीक्षा पाहायला त्यांनी ती स्वस्तांच्या रांगेत घुसवली होती. नव्या बाटलीतली नव्या ग्लासात ओतली, शेजारी जुना ग्लास ठेवला. आता सांगायला कुणी लागलं नाही. एकीतून गुलाब आणि लाल फळं येत होती, दुसरीतून बंद खोली. शिकाऊ मुलीने दोन्ही ग्लास आलटून पालटून सात-आठ वेळा तरी हुंगले.

मालक बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला नाव माहीत होतं ना. मी व्होलनेच हुंगत होतो." बोर्दोमध्ये 2001 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग त्यांना आठवला: पांढऱ्या वाइनला वास नसलेला लाल रंग घालून 54 विद्यार्थ्यांना दिली, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. हा किस्सा ते गिऱ्हाइकांना नेहमी हसत सांगतात. त्या दिवशी हसले नाहीत. सदोष बाटलीत बूच परत ठोकून त्यांनी ती उत्पादकाकडे परत पाठवायच्या खोक्यात ठेवली. सहावी लाल आम्ही कशीबशी चाखली, तिच्याबद्दल माझ्या वहीत फक्त 'ठीक' आहे.

मग जेवण. निवड खरी इथे होते, कागदावरच्या गुणांनी नाही. उरलेल्या बाटल्या मोज्यांतून काढून टेबलावर ठेवायच्या, सॉसेज आणि उकडलेले बटाटे खायचे आणि कुठली बाटली आधी रिकामी होते ते बघायचं. इथे म्हणतात की ल्योंला तीन नद्या आहेत, रोन, सोन आणि बोजोले. आचारीबुवांनी गामेची बाटली सरळ 'पो' म्हणतात त्या जाड बुडाच्या 46 सेंटीलिटरच्या बाटलीत ओतली, खाणावळीत ओततात तशी, आणि दोन वेळा भरली. ती रेन्येची निघाली, 1988 साली बोजोलेच्या दहा मानाच्या गावांत सर्वांत शेवटी बसलेल्या गावाची. किंमत अकरा युरो. याच गामेला 1395 मध्ये बरगंडीच्या ड्यूकने बेइमान झाड म्हणून आपल्या मुलखातून उपटायला लावलं होतं. व्होलने निम्मी उरली. आचारीबुवा म्हणाले, तिला हरणाचं मांस पाहिजे, बटाटे नव्हेत, बिचारीचा काय दोष. तेही खरंच.

फळीवर रेन्ये, शिनों, मुस्काडे आणि व्हुव्रे लागल्या. बोर्दो मी अडवली. आचारीबुवा त्यावरून अजून टोमणे मारतात.

तीन वाजता नानांना फोन लावला. तिकडे साडेसात वाजले होते, तोडणीचे दिवस, मागे मजुरांचा आवाज येत होता.

"काय चाललंय?"

"वास घेत होते," मी म्हणाले.

"त्याचा पगार देतात?"

"देतात."

ते हसले. मी विचारलं, "पाऊस नाही ना?"

"आभाळ आलंय थोडं. खोकी घरात घेतली सगळी. तुझी आई ओरडतेय, झोपायचं कुठं म्हणून."