समुद्रसिंहांच्या माद्या आणि माकुळाची जाळी

न्यूझीलंडच्या दक्षिणेला ऑकलंड बेटे आहेत. तिथल्या एंडर्बी बेटावर समुद्रसिंहांच्या माद्या डिसेंबर-जानेवारीत वितात आणि पिल्लांना जवळजवळ 10 महिने पाजतात. फेब्रुवारीपासून त्याच पाण्यात माकुळासाठी (स्क्विडसाठी) ट्रॉलर, म्हणजे ट्रॉल नावाचे मोठे जाळे ओढत नेणारी जहाजे, उतरतात. बेटांभोवती 12 सागरी मैलांपर्यंत मासेमारीला बंदी आहे, पण माद्या त्यापलीकडे, खंडमंचाच्या (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या) कडेपर्यंत जातात. पिल्लू किनाऱ्यावर असल्याने भक्ष्य घटले तरी मुलूख बदलणे त्यांना जमत नाही.

माद्या कुठे आणि किती खोल जातात हे कळण्यासाठी त्यांच्या पाठीवर यंत्रे चिकटवतात. मादी भक्ष्याच्या फेरीहून परतून पिल्लाला पाजत असते, तेव्हाच तिला धरून भूल द्यायची. दोन खांद्यांमधली लव पुसून पूर्ण कोरडी करायची आणि दोन भागांचा, लवकर घट्ट होणारा इपॉक्सी गोंद पातळ लावायचा. थर जाड झाला तर तो घट्ट होताना तापतो आणि कातडी भाजते. लव दमट राहिली तर यंत्र टिकत नाही. उपग्रह-यंत्र लव गळताना आपोआप पडते. खोली नोंदवणारे यंत्र मात्र परत मिळवावेच लागते, कारण सगळ्या नोंदी त्याच्या पोटात असतात.

उपग्रह-यंत्राचे ठिकाण आर्गोस ही उपग्रह-प्रणाली कळवते आणि प्रत्येक नोंदीला अचूकतेचा वर्ग देते. या नोंदी जशाच्या तशा नकाशावर टाकू नका. वर्ग 3 ची चूक साधारण 250 मीटरच्या आत असते, वर्ग 1 ची 1500 मीटरपर्यंत. ए आणि बी वर्गांना चुकीची ठरलेली मर्यादाच नसते. मादी श्वासापुरतीच वर येते, त्यामुळे अशाच कच्च्या नोंदी जास्त मिळतात. लागोपाठच्या दोन ठिकाणांमधला वेग प्राण्याला झेपणारा नसेल तर ती नोंद काढून टाकायची.

जाळ्याची बाजूही नीट मांडावी लागते. ट्रॉल तासन्‌तास ओढला जातो. तो कुठे सोडला एवढाच ठिपका धरला तर माद्यांचा आणि जाळ्यांचा सामाईक भाग खऱ्यापेक्षा कमी दिसतो. सुरुवात आणि शेवट जोडून रेघ धरा. मग खोली पाहा. काही माद्या तळ गाठून खातात, काही मधल्या पाण्यात. बुड्या 500 मीटरच्याही खाली जातात. नकाशावर दोघी एकाच चौकोनात दिसल्या तरी दोघींचा धोका सारखा नसतो.

आता ट्रॉलमध्ये सुटकेसाठी गजांची चौकट बसवतात: माकूळ गजांमधून मागे जातो, प्राणी वरच्या भोकातून निसटतो. चांगला उपाय, पण बुडून मेलेला प्राणी त्याच भोकातून बाहेर पडला तर डेकवरच्या निरीक्षकाला तो दिसणारच नाही. म्हणून नोंदलेले मृत्यू घटले, एवढ्यावर मी विसंबणार नाही. विल्यानंतर थोड्याच दिवसांत मादी पुन्हा माजावर येते. ती जाळ्यात मेली की पोटातला गर्भ जातो आणि किनाऱ्यावरचे पिल्लूही उपाशी मरते. ऑकलंड बेटांवर वर्षाला जन्मणाऱ्या पिल्लांचा आकडा 1998 मध्ये सुमारे 3000 होता, 2009 मध्ये सुमारे 1500.